दुसऱ्यातनं तिसरा

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पेपरला मी त्याची लेखनिक होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो. तो बारावीत, मी अकरावीत, आणि आमच्या गल्लीत अक्षर बरं असलेली, दुपारी रिकामी असलेली मी एकटीच. कोल्हापुरातलं एक जुनं कॉलेज, तळमजल्यावरची वेगळी खोली, कुरकुरणारा पंखा आणि डुलक्या घेणारे पर्यवेक्षक. तो सांगत होता, मी लिहीत होते. "मागणीची लवचीकता म्हणजे..." इथपर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं, विसरला. लेखनिकानं सुचवायचं नसतं, म्हणून मी पेन टेकवून गप्प बसले. बाहेर रस्त्यावरून काहीतरी गेलं.

"फियाट हाय," तो म्हणाला. "तीनच प्लग मारायलेत."

पर्यवेक्षकांनी डोळे उघडले. "हे उत्तरात आहे का?"

"नाही सर," तो म्हणाला. आणि मला, "हां, लिही. लवचीकता म्हणजे किमतीत होणाऱ्या बदलामुळं..."

अंध विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्यातला जादाचा तास त्यानं रस्त्यावरच्या वाहतुकीत घालवला असं माझं आजही मत आहे. तरी त्याला अर्थशास्त्रात एकाहत्तर पडले. पुढच्या वर्षी मला, माझ्या स्वतःच्या हातानं लिहून, बासष्ट.

त्याचं नाव इथं येणार नाही. "नाव छापलंस तर लोक येऊन काठीसकट पाया पडतील," असं त्यानं बजावलंय. शिवाजी उद्यमनगरात त्याच्या मामाचं गॅरेज आहे. तिथं त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, मीही तेच म्हणते. जन्मापासून काचबिंदू. सहाव्या वर्षापर्यंत थोडंफार दिसायचं, मग तेही गेलं. पुढं बोर्डिंगची शाळा, कॉलेज आणि एका सहकारी संस्थेत टेलिफोनवर नोकरी. संध्याकाळी सहाला सुटला की घरी जायच्या आधी मामाच्या गॅरेजात हजेरी. हा क्रम अजून चालू आहे.

त्या पेपरनंतर सात-आठ वर्षांनी, २०१३ मध्ये, मी पुण्यात माध्यमांचा अभ्यासक्रम करत होते. शेवटच्या सत्राला प्रत्येकानं बारा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. माझ्या वाट्याला प्रकार आला 'सहभागी'. बिल निकोल्स या अमेरिकन अभ्यासकानं २००१ साली आपल्या पुस्तकात माहितीपटाच्या सहा तऱ्हा मांडल्या, त्यातली ही एक. फिल्म करणारा कॅमेऱ्याच्या मागं दडून बसत नाही. समोरच्या माणसाशी त्याची जी काही देवाणघेवाण होते, तीच फिल्म. मी याचा अर्थ घेतला तो असा की आपण अधूनमधून कॅमेऱ्यासमोर यायचं. त्यासाठी एक खादीचा कुर्ताही घेतला.

विषय शोधायला लागलाच नाही. डॉक्टर आणि त्याच्या गाड्या. मी पुण्याहून निवेदन लिहूनच निघाले. नाव ठरलं होतं 'अंधारातला प्रवास'. पहिलं वाक्य होतं, "डोळ्यांपुढं अंधार असूनही त्याच्या मनात गाड्यांचा उजेड आहे." गॅरेजातल्या बाकड्यावर बसून मी ते त्याला वाचून दाखवलं. मामा टायरवर बसून चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

"'असूनही' काढ," डॉक्टर म्हणाला.

"का?"

"मला दिसत नाही. आणि मला गाड्या आवडत्यात. मधी 'आणि' घाल. 'असूनही' कशाला?"

मग उजेडही काढायला लावला. नाव तर काढलंच. पुण्यात तीन आठवडे घासलेलं निवेदन तिथं बाकड्यावर पाच मिनिटांत संपलं. फिल्ममध्ये शेवटी निवेदन राहिलंच नाही.

पहिले चार दिवस मी त्याला घेऊन तावडे हॉटेलच्या चौकात बसले. पुणे-बंगळूर महामार्गावरून शहरात वळणारी बहुतेक वाहनं तिथनं जातात. टपरीवर चहा, समोर रस्ता, आणि तो बोलायचा. वडापची ट्रॅक्स लांबनंच कळायची; तिचं डिझेल खडखडतंय आणि किन्नर दार उघडं ठेवून त्यावर हात मारतोय, हे ऐकायला फार कान लागत नाहीत. एसटीची तर खिडकीची काच आधी येते, मग एसटी येते. मारुती एटहंड्रेड तीन सिलिंडरची. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत फियाटमध्ये चार स्फोट होतात, मारुतीत तीन. "त्यामुळं उभी असली की ती थोडी लंगडत्या," तो म्हणायचा. एकदा लागोपाठ तीन नव्या डिझेल गाड्या गेल्या. त्यानं स्विफ्ट, व्हिस्टा, स्विफ्ट असं सांगितलं, आणि वर म्हणाला, "तिघींचा गळा एकच." मी नंतर शोधलं. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुतीनं स्विफ्टला घेतलं होतं आणि टाटानं व्हिस्टाला. हे मी त्याला शोध लावल्यासारखं सांगितलं, तर तो म्हणाला, "फियाट बंद पडली म्हणत्यात लोक. अगं, निम्म्या कोल्हापूरच्या पोटात तीच बोलायल्या."

चाळीस गाड्यांची मी नोंद ठेवली. तीन चुकल्या. त्यातल्या दोन चुका माझ्या होत्या, असं त्याचं म्हणणं आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याला हेडफोन लावून दिवसभराचं ऐकवलं. मला शाबासकी हवी होती. त्यानं मिनिटभर ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले.

"ह्यात गाडीचं पोट कुठं गेलं?"

मला काही कळेना. त्यानं रेकॉर्डर हातात घेतला. झूमचा साधा छोटा एच-वन होता तो, वर वाऱ्यासाठी केसाळ टोपी. त्याच्या पाठीवर बारीक बटणं असतात. अंगठ्यानं चाचपत त्यानं एकेक बटण विचारलं. "हे कसलं?" लो कट. वाऱ्याची घरघर आणि खालचे आवाज येऊ नयेत म्हणून मी पहिल्या दिवसापासून चालू करून ठेवलेलं. वर्गात तसंच शिकवलं होतं. आता हिशेब बघा. उभी फियाट मिनिटाला सुमारे आठशे फेऱ्या घेते. फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. गाडीचा सगळ्यात खालचा, छातीत जाणवणारा सूर तोच, आणि ते बटण नेमकं तिथंच कात्री लावतं. चार दिवस मी कोल्हापुरातल्या गाड्यांची पोटं कापत बसले होते.

त्यानं बटण बंद केलं आणि रेकॉर्डर खिशात घातला. "हे माझ्याकडं राहू दे. तू तुझं ते चित्राचं बघ."

सहभाग सुरू झाला तो तिथनं. तोवर मी फक्त कुर्ता घालून बसले होते.

मामांच्या गॅरेजाबद्दल थोडं सांगायला हवं. पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढी जागा. तिसरी कायम रस्त्यावर. भिंतीला खिळ्यांवर पाने लावलेले, प्रत्येकाच्या मागं खडूनं त्याचीच आकृती, म्हणजे दहा-अकराचा पाना जागेवर नाही हे लांबून कळावं. डॉक्टर त्या भिंतीपाशी गेला की न चाचपता हवा तो पाना काढतो. मामा इंजिन तपासताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवतात आणि मूठ कानाच्या हाडाला लावतात. जुने मेस्त्री असंच करतात. कितवं टॅपेट सैल आहे, बेअरिंग वाजतंय की पाण्याचा पंप, हे त्यातून कळतं. भाचा दहा वर्षांचा असताना मामांनी एकदा गंमत म्हणून त्याच्या कानाला मूठ लावली. त्यानं सांगितलं, आत कुणीतरी सुपारी कातरतंय. मामांनी खोलून बघितलं तर पंपाचं बेअरिंग गेलेलं. डॉक्टर हे नाव त्या दिवसाचं.

मामांना माझ्या कॅमेऱ्याचं कौतुक नव्हतं, पण सिनेमाचं होतं. कोल्हापुरात तसं सगळ्यांनाच असतं. "बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्रीच," हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं. ते खरंच आहे. बाबूरावांचं आडनाव मेस्त्री. १९१८ च्या सुमारास त्यांनी इथंच लेथवर भाग कातून स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. मामांच्या दृष्टीनं तो स्तंभ कॅमेऱ्याचा नसून लेथचा आहे. "आधी लेथ, मग पिच्चर," असं म्हणून ते पुन्हा गाडीखाली जायचे.

शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली डॉक्टरची स्वतःची गाडी होती. प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळची इटलीची फियाट अकराशे. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, तरी कोल्हापुरात ती शेवटपर्यंत फियाटच. १०८९ सीसी, पुढं सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर दिवाणजी असलेल्या त्याच्या वडिलांनी ती जुनी विकत घेतली होती. गुऱ्हाळांवर हिंडायला गाडी लागायची. ते २००९ मध्ये गेले. गाडी राहिली. मामा आठवड्यातून एकदा ती चालू करायचे. पंधरा वर्षं उलटलेली गाडी, दर पाच वर्षांनी पासिंग, हिरवा कर, बॅटरी. काकूंचं, म्हणजे त्याच्या आईचं, म्हणणं, विकून टाका, पोरीच्या लग्नाला तेवढेच येतील. डॉक्टरचं म्हणणं काहीच नसायचं. तो फक्त ताडपत्री सारून आत जाऊन बसायचा.

त्या गाडीचा मला एक प्रसंग हवा होता, आणि तो कुठला हे वाचकानंही ओळखलं असेल. आंधळा माणूस मोकळ्या माळावर गाडी चालवतोय. वाऱ्यावर केस, मागं धूळ, चेहऱ्यावर हसू. मी त्याला उत्साहानं सांगितलं.

"ते पिच्चरात असतंय," तो म्हणाला. "मला चालवायची नाही. मला ऐकायची हाय. तुला येत्या का चालवायला?"

मला येत नव्हतं. आमच्या घरी मोटारसायकलच्या वर काही आलं नाही.

"मग तू चालव. मी शिकवतो."

कळंब्याच्या पुढं मामांच्या ओळखीच्या माणसाचा माळ होता. एका रविवारी आम्ही गेलो. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी कॅमेरा डॅशबोर्डला बांधला, गॅरेजात सगळं त्यांनीच बांधतात. सलग सीटवर उजवीकडं मी, मधे डॉक्टर, डावीकडं दारापाशी मामा, हात दरवाजाच्या मुठीवर, उडी मारायच्या तयारीत. स्टिअरिंगच्या दांड्याचा गिअर डॉक्टरच्या हाताशी येत होता. ठरलं असं की क्लच आणि स्टिअरिंग माझं, गिअर त्याचा.

पहिल्या सहा वेळा गाडी बंद पडली. सातव्यांदा गचके देत निघाली.

"ऐक," तो म्हणाला. "आता ती रडायल्या. क्लच दाब." मी दाबला. त्याच्या हातातला दांडा हलला, खाली कुठंतरी दात दातात बसल्याचा मऊ आवाज झाला. "सोड. हळू. हळू गं. आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"तुला नव्हं. तिला."

मी समोर बघत होते आणि त्यामुळं मला ऐकू येत नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही, त्याला कळलं. "रस्त्याकडं कशाला बघतीस? माळ हाय हा. डोळं मिट आणि ऐक."

"डोळं मिटू नको गं पोरी!" मामा ओरडले.

मी अर्धे मिटले. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा सूर चढत गेला. आधी त्यात जागा होती, मग ती भरत आली, आणि एका क्षणी टॅपेटची टिकटिक त्या सुरात बुडाली. तो काही बोलायच्या आत माझा पाय क्लचवर गेला. त्याच वेळी त्याचा हात हलला. तिसरा पडला. एकही गचका नाही. तो काही बोलला नाही, मांडीवर दोनदा थाप मारली, स्वतःच्याच.

त्या दिवशी ऊन फार होतं. परतताना पेट्रोल पंपात वाफ धरली आणि गाडी बंद पडली. फियाटचा हा जुना आजार. मामांनी माझ्या ओढणीचं टोक भिजवून पंपावर गुंडाळलं. वीस मिनिटं आम्ही बाभळीखाली बसलो. रेकॉर्डर चालूच होता. तापलेलं इंजिन थंड होताना पत्रा टिक, टिक करत आकसतो, तो आवाज फिल्मच्या शेवटी आहे. लोकांना तो घड्याळाचा वाटतो.

रेकॉर्डर आठ दिवस त्याच्याकडं राहिला. परत मिळाला तेव्हा त्यात अकरा फायली होत्या. त्यातली एक चाळीस मिनिटांची. रात्री, बंद गॅरेजात, तो एकटा फियाटमध्ये बसलाय. दार लागल्याचा आवाज. सीटची स्प्रिंग. गिअरचा दांडा पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, इंजिन बंद असतानाच. चोकचं बटण ओढून परत आत. एक शब्द नाही. शेवटी किल्ली फिरवायच्या आधी एक खाकरल्याचा आवाज येतो, जाड, वयस्कर माणसाचा.

वर्गात आम्हाला 'क्रॉनिक दं'न एते' दाखवला होता. झाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रित केलेला, पुढच्या वर्षी आलेला. त्यात मार्सेलिन नावाची तरुण बाई खांद्याला नागरा रेकॉर्डर अडकवून रिकाम्या चौकातून एकटीच चालत जाते आणि स्वतःशी बोलते. छळछावणीत नेलेल्या आपल्या वडिलांशीच बोलते म्हणा. कॅमेरा लांब लांब जात राहतो, आवाज मात्र कानाशी. मी तो प्रसंग डॉक्टरला सांगितला होता. त्याला तो फार पटला. "कॅमेरा लांब हाय हे बरं हाय," म्हणाला. "बाईला मोकळं वाटलं असंल."

त्याच फिल्मच्या शेवटी रूश आणि मोरँ ज्यांच्यावर ती घेतली त्या लोकांनाच चित्रित भाग दाखवतात आणि ती माणसं भांडतात. कुणी म्हणतं खोटं आहे, कुणी म्हणतं फारच उघडं आहे. आम्हीही तसं करायचं ठरवलं. कच्चं जोडकाम गॅरेजातच दाखवलं. शटर अर्धं ओढून, पांढरी चादर लावून, कॉलेजमधून मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर. काकू आल्या होत्या, बहीण, मामा, दोन हेल्पर पोरं, शेजारच्या लेथवाल्यांचे कामगार.

फिल्मची पहिली चाळीस सेकंदं काळी होती. हा डॉक्टरचा हट्ट. "माझ्याकडनं सुरू कर, मग तुझ्याकडं जाऊ दे." (पुढं तोंडी परीक्षेत मला विचारलं गेलं, फाइल खराब आहे का. मी डेरेक जार्मनच्या १९९३ सालच्या 'ब्लू'चं नाव घेऊन सुटले. त्यात पडद्यावर सबंध वेळ एक निळा रंग आहे, आणि तो करताना जार्मनची दृष्टी जात होती. डॉक्टरला हे सांगितलं तर म्हणाला, "सगळी फिल्म? मग मी तर स्वस्तात सोडलं तुला.")

काळ्यावर ते खाकरणं आलं आणि काकूंनी पटकन पदर डोक्यावर घेतला. अंधारात मला तेवढंच दिसलं. संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "ह्यांचा आवाज तुला कुठं मिळाला?"

कुणी काही बोललं नाही. मग डॉक्टर म्हणाला, "माझा हाय आई तो."

काकूंनी दुसरीही एक गोष्ट धरली. फिल्ममध्ये तो सांगतो की लहानपणी वडील त्याला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचे. "खोटं हाय," काकू म्हणाल्या. "मांडीवर कधी घेतलं नाही. मागं बसवायचे आणि दाराला आतनं लॉक. भ्यायचे ते." डॉक्टर म्हणाला, मला तसंच आठवतंय. काकू म्हणाल्या, तुला आठवंल रे, पण तसं नव्हतं. आम्ही दोन्ही ठेवलं. त्याचं बोलणं आणि त्यावर लगेच काकूंचं. आणखी एक आठवण मात्र त्यानं काढायला लावली. दिसत होतं तेव्हाच्या एका दसऱ्याची. वडिलांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात त्यानं छत्रपतींची मेबॅक बघितली होती. तिचा रंग तो ठामपणे सांगतो. तो रंग गाडीचा नाही. मी चुकून तसं बोलून गेले. तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, "हे नको. हे माझ्याकडंच राहू दे." म्हणून रंग इथंही लिहीत नाही.

आणि मग श्रेयनामावली आली. हेल्पर पोरगा शाळेत असल्यासारखा मोठ्यानं वाचत होता. दिग्दर्शन, माझं नाव. छायाचित्रण, संकलन, माझं नाव. ध्वनी, माझं नाव. विशेष आभार, डॉक्टरचं नाव.

"ध्वनी काय लिहिलंय?" डॉक्टरनं विचारलं.

पोरग्यानं पुन्हा वाचलं.

"बरं," डॉक्टर म्हणाला.

मी हे मुद्दाम केलं नव्हतं, असं लिहायचा मोह होतो. विद्यार्थ्यांचा एक नमुना असतो श्रेयनामावलीचा, त्यात नावं भरायची. मी भरली. ज्यानं रेकॉर्डर हातात घेतला, बटण बंद केलं, अकरा फायली आणल्या, त्याला आभारात टाकताना माझा हात थांबला नाही, एवढंच खरं. त्याच रात्री मी ते बदललं. पण दोन दिवसांपूर्वीच एक प्रत एका छोट्या विद्यार्थी महोत्सवाला गेली होती. तिथं तिला ध्वनीसाठी विशेष उल्लेख मिळाला. प्रमाणपत्र माझ्या नावानं. आयोजकांना मी दुरुस्तीसाठी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. त्या प्रमाणपत्रावर मला मुंबईत एका साउंड स्टुडिओत उमेदवारी मिळाली, तिथून नोकरी. आज माझं पोट त्यावरच चालतं. दिवसभर हेडफोन लावून मी लोकांच्या फिल्ममधली दारं, पावलं आणि गाड्या बसवते.

प्रमाणपत्र घेऊन मी कोल्हापूरला गेले. गॅरेजात बाकड्यावर तो बसला होता. कागद त्याच्या हातात दिला. त्यानं कडांवरून बोट फिरवलं. "लॅमिनेट करून आणलंस? वाच की, काय म्हणतंय."

मी वाचलं. महोत्सवाचं नाव, फिल्मचं नाव, विशेष उल्लेख, ध्वनी. आणि पुढं माझ्या नावाच्या जागी त्याचं नाव वाचलं.

"परत वाच."

मी परत वाचलं. तसंच.

"बरं," तो म्हणाला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग एक बुलेट. त्यानं दोन्हींबद्दल काही सांगितलं नाही. मग म्हणाला, "नावाच्या आधी श्वास घेतलास तू. दोन्ही वेळी." आणि थोड्या वेळानं, हसत, "लेखनिकानं मनचं घालायचं नसतंय. सर बघत असत्यात."

ते प्रमाणपत्र त्यानं मला परत दिलं नाही. पान्यांच्या भिंतीवर, ऑइलच्या डब्यामागं ते अजून आहे. मामा सांगतात, गिऱ्हाइकानं विचारलं तर हेल्पर ते डॉक्टरचं म्हणूनच वाचून दाखवतो.

आमचं बोलणं महिन्यातून दोनदा होतं. इलेक्ट्रिक गाड्यांवर त्याचा राग आहे. युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक गाड्यांना हळू चालताना आवाज करणं सक्तीचं केलंय, हे मी त्याला सांगितलं, तर पहिला प्रश्न, "कसला आवाज?" गाण्यासारखा, शिट्टीसारखा, ज्या त्या कंपनीचा वेगळा. "म्हंजे गाडी खोटं बोलणार," तो म्हणाला. "त्यापरीस गप्प आलेली बरी. मी काठी आपटीन."

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पुरी होऊन रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सकाळी त्याचा फोन, "आवाज घेतलास का तिचा?" मी मिक्सिंगला बसले होते, घेतला नव्हता. तो रागावला नाही. पंधरा दिवसांनी दिवाळीत म्हणाला, आपलीही चाललीय. इचलकरंजीचा एक हौशी माणूस जुन्या गाड्या जमवतो, त्याला दिली. बहिणीचं लग्न कधीच झालं होतं. काकूंनी या वेळी विका म्हटलं नव्हतं, मामांचे गुडघे गेले होते एवढंच.

गाडी गेली त्या दिवशी त्यानं एक फाइल पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, हे त्याला माझ्याआधीपासून माहीत. चार मिनिटं दहा सेकंद. लो कट बंद. ताडपत्री ओढल्याचा आवाज, शटर, मामांचं "जरा चोक द्या", स्टार्टरची धाप, आणि मग ती चालू होते. चारही प्लग मारतायत. दार लागतं. गाडी उद्यमनगरातून निघते, पहिला, दुसरा, कोपऱ्यावर हॉर्न, आणि हळूहळू लेथच्या आवाजात मिसळायला लागते. तो रेकॉर्डर धरून उभा आहे हे कळतं, कारण त्याचा श्वास ऐकू येतो. अगदी शेवटी, गाडी ऐकू येते न येते इतक्या लांब गेल्यावर, तो माइकजवळ येऊन सांगतो:

"दुसऱ्यातनं तिसरा लवकर टाकला त्यानं."